आबा पंच्याण्णवांत की पाचांत?

कोपरखैरण्याहून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतो:

“डॉक्टर, माझे सासरे, म्हणजे आबा, ६१ वर्षांचे आहेत. मूळ पाटण तालुक्यातले. सगळं आयुष्य कांदा-बटाटा मार्केटात माथाडी काम केलं. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हरला सूज आणणारा व्हायरस, निघाला. १९९६ साली गोण्यांची थप्पी कोसळून पाय मोडला होता, तेव्हा रक्त चढवलं होतं. त्यातूनच आला असेल असं डॉक्टर म्हणाले. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं व्हायरसचं प्रमाण, २४ लाख आहे. सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटासव्हिर एकत्र असलेली रोज एक गोळी, १२ आठवडे, असं लिहून दिलंय. ‘९५ टक्के लोक बरे होतात’ असंही म्हणाले. पण माझ्या माहेरी शेजारच्या काकांनी २००९ मध्ये वर्षभर इंजेक्शनं घेतली, केस गेले, पैसे गेले, आजार तसाच राहिला. आता एक लॅबवाला म्हणतो, आधी जिनोटाइप आणि जीनची टेस्ट करा म्हणजे औषध लागू पडेल का ते कळेल. मिस्टर तयार आहेत, मला खर्चाची धास्ती वाटते. आबा शुगरची गोळी घेतात, रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात आणि गावाहून येणारा गुळवेलीचा काढा पितात. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. आबा पंच्याण्णवांत असतील की पाचांत, हे आधी कळायला काही उपाय आहे का?”

ताई, सगळ्या रिपोर्टांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. नाहीतर मला गोलगोल बोलावं लागलं असतं.

आधी तो ९५ चा आकडा. तो खोटा नाही, पण तो घोळक्याचा आहे. मार्केटात भाव वक्कलाचा, म्हणजे अख्ख्या ढिगाचा, निघतो. आपल्या वाट्याला आलेल्या गोणीत सड किती, हे ती फोडल्यावरच कळतं आणि हे आबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. त्या ९५ मध्ये ज्यांचं लिव्हर जवळपास निरोगी आहे असे पस्तिशीतले लोक आहेत, तसेच आबांसारखे, व्हायरस बहुधा पंचवीस-तीस वर्षं अंगात बाळगलेले लोकही आहेत. तेव्हा आबांपुरता आकडा काय, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर लॅबवाला सांगतो तिथे मिळणार नाही.

तुमच्या शेजारच्या काकांचं काय झालं ते आधी समजून घ्या, कारण तुमच्या घरातली निम्मी भीती तिथून आली आहे. २००९ मध्ये या आजारावर आठवड्याला एक इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या एवढंच होतं. इंटरफेरॉन थेट व्हायरसवर तुटून पडत नसे. ते शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला डिवचायचं आणि मग ती लढायची. म्हणजे यश औषधापेक्षा माणसाच्या शरीरावर जास्त अवलंबून. व्हायरसचा प्रकार कोणता, व्हायरल लोड किती, वय, वजन, शुगर, लिव्हरची अवस्था, सगळं मोजून आम्ही अंदाज बांधायचो. प्रकार १ असेल तर ४८ आठवडे इंजेक्शनं घेऊन निम्मेच बरे व्हायचे, कधी त्याहूनही कमी. प्रकार २ आणि ३ मध्ये २४ आठवड्यांत साधारण ७० ते ८० टक्के. चौथ्या आठवड्यात व्हायरस दिसेनासा झाला तर आशा वाढायची. बाराव्या आठवड्यापर्यंत तो शंभरपटीनं कमी झाला नसेल तर उपचार थांबवायचे, कारण पुढे ओढण्यात अर्थ नसे. ताप, हिमोग्लोबिन घसरणं, केस गळणं, उदासी हे सगळं सोसून पेशंट तो रिपोर्ट घेऊन यायचा, आणि पाकीट उघडताना त्याच्या बायकोकडे बघवत नसे.

लॅबवाला ज्या जीनच्या टेस्टबद्दल बोलतोय ती त्याच काळातली आहे. २००९ मध्येच असं लक्षात आलं की आयएल-२८बी नावाच्या जीनजवळ एका जागी लोकांमध्ये फरक असतो आणि त्यातला एक प्रकार असलेल्यांना इंटरफेरॉन साधारण दुपटीनं जास्त लागू पडतं. तेव्हा ती मोठीच गोष्ट होती. वर्षभराचा छळ सुरू करण्याआधी निदान काहीतरी कळत होतं.

मग २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिरला मान्यता मिळाली, २०१५ पासून ते आपल्याकडे भारतीय कंपन्यांचं होऊन स्वस्तात मिळू लागलं आणि हे सगळं गणितच बदललं. आबांच्या गोळीतलं सोफोसबुव्हिर व्हायरसचं नक्कल करणारं यंत्रच बंद पाडतं. व्हेल्पाटासव्हिर त्याच्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरतं, ज्याच्याशिवाय त्याला वाढता येत नाही. शरीराच्या प्रतिकारशक्तीची मिनतवारी करावी लागत नाही. म्हणून ती जीनची टेस्ट आज आबांच्या बाबतीत काहीही सांगणार नाही. ती करू नका. मिस्टरांना सांगा, मी सांगितलंय.

जिनोटाइपचंही, म्हणजे व्हायरसचा प्रकार ओळखायच्या टेस्टचंही, जवळपास तसंच. आबांना दिलेली गोळी व्हायरसच्या सगळ्या प्रमुख प्रकारांवर चालते, त्यामुळे पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याला जिनोटाइपवाचून काही अडत नाही. भारतात प्रकार ३ सर्वात जास्त आढळतो, आबांचाही तोच असण्याची शक्यता मोठी. गंमत बघा, इंटरफेरॉनच्या काळात हा प्रकार ‘सोपा’ समजला जायचा. नव्या गोळ्यांच्या काळात बाकीचे प्रकार इतके सोपे झाले की आता तोच त्यातल्या त्यात चिवट ठरला. आणि व्हायरल लोड २४ लाख आहे म्हणून घाबरू नका. तो आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण त्यावरून लिव्हर किती बिघडलंय ते कळत नाही आणि बारा आठवड्यांच्या या कोर्सच्या यशात त्यानं फारसा फरकही पडत नाही.

फरक पडतो तो लिव्हरच्या अवस्थेनं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांचे आकडे सांगतो, दोन्ही प्रकार ३ च्या पेशंटांवरचे. सोफोसबुव्हिरबरोबर डॅक्लाटासव्हिर १२ आठवडे दिलं तेव्हा सिरॉसिस, म्हणजे चट्टे पडून लिव्हर कडक होणं, नसलेले ९६ टक्के बरे झाले आणि सिरॉसिस असलेले फक्त ६३ टक्के. आबांना दिलेल्या जोडीनं, म्हणजे सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटासव्हिरनं, सिरॉसिस नसलेले ९७ टक्के आणि असलेले ९१ टक्के. व्हायरस तोच आणि आठवडेही तेवढेच. खरं अंतर लिव्हरमुळे पडलं, आणि जोडी नीट निवडली तर ते बरंचसं भरून निघतं. तुमच्या डॉक्टरांनी व्हेल्पाटासव्हिरची जोडी का निवडली असावी, हे मला आबांच्या रिपोर्टातच दिसतंय.

तो रिपोर्ट आता आपण बघू. वय ६१, एसजीओटी ८८, एसजीपीटी ७६ (या दोन्ही लिव्हरच्या रक्ततपासण्या), प्लेटलेट १ लाख १८ हजार. यावरून घरबसल्या एक आकडा काढता येतो, त्याला फिब-४ म्हणतात. वयाला एसजीओटीनं गुणायचं: ६१ गुणिले ८८, झाले ५३६८. मग प्लेटलेट हजारात घेऊन, म्हणजे ११८, त्याला एसजीपीटीच्या वर्गमुळानं गुणायचं. ७६ चं वर्गमूळ ८.७२, गुणाकार साधारण १०२९. पहिल्याला दुसऱ्यानं भागलं की ५.२. हा आकडा १.४५ च्या खाली असेल तर लिव्हरमध्ये फारसे चट्टे नाहीत असं धरतात. ३.२५ च्या वर गेला तर चट्टे खूप पुढे गेलेत. आबा बरेच वर आहेत. असाच दुसरा एक आकडा असतो, ॲप्री, तो आबांचा १.९ च्या आसपास येतो आणि सिरॉसिसची रेघ त्यात २ वर आहे, म्हणजे अगदी काठावर. सोनोग्राफीत लिव्हर ‘कोर्स’, म्हणजे खरबरीत, लिहिलंय. सगळं एकत्र वाचलं तर सिरॉसिस असण्याची शक्यता बरीच आहे.

घाबरून कागद बाजूला ठेवू नका, पुढचं वाचा. लिव्हर काम कसं करतंय ते सांगणारे आकडे: बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.६, आयएनआर १.१. पोटात पाणी नाही, कधी रक्ताची उलटी नाही, बोलण्यात भ्रम नाही. म्हणजे सिरॉसिस असलाच तरी लिव्हर अजून आपलं काम निभावतंय. या अवस्थेतल्या माणसाला या गोळ्या चांगल्या लागू पडतात. पोटात पाणी झाल्यावर किंवा कावीळ चढल्यावर आले असते तर सोबत रिबाव्हिरिन जोडावं लागलं असतं किंवा कोर्स दुप्पट लांबला असता.

तेव्हा जिनोटाइपसाठी काढून ठेवलेले पैसे फायब्रोस्कॅनवर घाला. उजव्या बाजूच्या बरगड्यांवर एक यंत्र टेकवून लिव्हर किती कडक झालंय ते मोजतात, सुई नाही, दुखत नाही, पंधरा मिनिटांत होतं, फक्त जाण्याआधी तीन तास काही खायचं नाही. आकडा साडेबाराच्या पुढे आला की सिरॉसिस धरतात. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असल्यामुळे सिरॉसिस पक्का झाला तर डॉक्टर अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा बघायला एंडोस्कोपीही सांगतील. तीही करून घ्या.

आता माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. तुम्ही ते सहज लिहून गेलात: “रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी घेतात.” तुम्ही तिचं नाव लिहिलेलं नाही, पण आपल्याकडे ती बहुतेक वेळा पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असते. कुणीतरी पाच वर्षांपूर्वी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली, आणि मग थांबवायला कुणी सांगितलंच नाही म्हणून चालूच राहिलेली. व्हेल्पाटासव्हिर पोटात नीट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आम्लच दाबून टाकलं तर गोळी पोटात जाते, पण रक्तात हवी तेवढी पोचत नाही. उद्याच डॉक्टरांना फोन करून विचारा: “बारा आठवडे ही बंद ठेवता येईल का?” बहुतेकांची बंद होते. अगदीच गरज असेल तर व्हेल्पाटासव्हिरची गोळी जेवणाबरोबर आधी आणि ओमेप्राझोलची लहान मात्रा त्यानंतर चार तासांनी, अशी सोय असते. पण ती डॉक्टरांनीच बसवून द्यायची. जळजळीवर पातळ औषधाची बाटली घेत असाल तर तीही या गोळीपासून चार तास लांब.

शुगरच्या गोळीची बहुतेक अडचण नसते. उलट व्हायरस गेला की काहींची शुगर आपोआप उतरते, त्यामुळे कोर्सच्या काळात ती घरी अधूनमधून तपासा. घाम फुटून हातपाय थरथरले तर लगेच साखर द्या आणि डॉक्टरांना कळवा. हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन, टीबीसाठी रिफॅम्पिसिन, फिटसाठी कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन यांपैकी काही चालू असेल तर या गोळ्या सुरू करण्याआधीच सांगायला हवं. आबा जे जे तोंडात टाकतात ते सगळं एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. चिठ्ठीपेक्षा पिशवी खरं बोलते.

काढ्याचं आबांना तुम्ही सांगितलेलं आवडणार नाही, म्हणून माझं नाव सांगा. गुळवेल औषधी म्हणून घराघरात आहे, हे मलाही माहीत आहे. पण कोविडच्या काळात गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला. तो वाद आपल्याला इथे सोडवायचा नाही. कोर्स चालू असताना एसजीपीटी वाढली तर ती काढ्यानं की आणखी कशानं, हे कळेनासं होतं, एवढं कारण मला पुरेसं आहे. बारा आठवडे काढा बंद. कावीळ उतरवणाऱ्याकडची माळ घातली तर माझी हरकत नाही, त्याच्याकडचा रस मात्र पोटात जायला नको. आणि तुम्ही लिहिलं नाही, पण विचारतोच: आबा घेतात का? घेत असतील तर ती संध्याकाळची क्वार्टर कायमची सोडावी लागेल. सिरॉसिसच्या लिव्हरला ‘थोडीशी’ असं काही नसतं.

गोळ्या एकूण ८४. बहुतेक २८ च्या तीन बाटल्या असतात. रोज ठरावीक वेळेला एक, आणि बाटली संपायच्या आठवडाभर आधी पुढची घरात हवी. गावच्या जत्रेला जायचं असेल तर गोळ्या आबांच्या खिशात, सामानाच्या पिशवीत नाही. एखादी राहिली आणि १८ तासांच्या आत आठवली तर लगेच घ्यायची. त्यापेक्षा उशीर झाला तर ती सोडून पुढची वेळेवर, एकदम दोन कधीही नाही. आबा पाचांत जातील ही भीती असेल, तर ॲसिडिटीची गोळी आणि या चुकलेल्या गोळ्या, एवढंच तुमच्या हातात आहे, आणि ते थोडं नाही.

सुरू करण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत हिपॅटायटिस बीची, म्हणजे एचबीएसएजीची, टेस्ट झाली होती का? मला पाठवलेल्या कागदांत ती दिसत नाही. अंगात बी लपलेला असेल तर सी जाताना तो डोकं वर काढू शकतो, म्हणून ती आधी लागते.

निकाल कधी कळेल? गोळ्या चालू असताना व्हायरस ‘नाही’ आला तरी पेढे वाटायची घाई नको. जवळपास सगळ्यांचाच तसा येतो, पुढे परत उलटणाऱ्यांचाही. खरी टेस्ट गोळ्या संपल्यावर १२ आठवड्यांनी करायची: एचसीव्ही आरएनए, म्हणजे रक्तात प्रत्यक्ष व्हायरस आहे का ते बघणारी. त्यात व्हायरस नसला तर आबा बरे झाले, आणि तो आजार आपणहून परत येणं अगदी विरळा. त्या आधीचा कुठलाही अंदाज, माझा धरून, अंदाजच. मला विचाराल तर या रिपोर्टांवर मी आबांचा आकडा ९५ न धरता ९० च्या आसपास धरेन. त्या दहांत गेले तरी रस्ता संपत नाही. तेव्हा जिनोटाइप करू, गोळ्यांनी व्हायरसमध्ये काही बदल झालाय का तेही बघता येतं, आणि रिबाव्हिरिन जोडून लांब कोर्स किंवा तीन औषधांची एकत्र गोळी, असे पर्याय आहेत. काकांना २००९ मध्ये पुढे काहीच नव्हतं. ते अजून असतील तर त्यांनाही एकदा लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवा. इंजेक्शनं वाया गेलेल्यांनाही या गोळ्या चालतात.

खर्चाचं: २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम चालू आहे. त्यात हिपॅटायटिस सीच्या तपासण्या आणि गोळ्या फुकट आहेत. ठाणे जिल्ह्यातलं उपचार केंद्र कोणतं, हे महापालिकेच्या रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात हे नाव सांगून विचारा. नुसतं ‘कावीळची ओपीडी’ म्हणालात तर भलत्याच खिडकीवर उभं करतील. सगळे रिपोर्ट आणि आधार कार्ड सोबत न्या आणि कामाचा एक दिवस जाईल असं धरून चला.

ताट-तांब्या आजच एकत्र करा. हा आजार रक्तातून पसरतो. एका ताटात जेवल्यानं, पाणी प्यायल्यानं, नातवाला मांडीवर घेतल्यानं तो होत नाही. दाढीचं ब्लेड, नेलकटर आणि टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा, आणि जखम झाली तर उघडी सोडू नका. ज्या माणसानं जन्मभर गोण्या वाहून घर उभं केलं, त्याला म्हातारपणी स्वतःच्या घरात वेगळं ताट हे मला फार लागलं. सासूबाई वाईट वागतायत असं मी म्हणत नाही, त्यांना कुणी समजावून सांगितलेलंच नाही. त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या. त्यांची आणि तुमच्या मिस्टरांची एकदा एचसीव्हीची साधी टेस्टही तिथेच करून घ्या.

बरे झाल्यावरही अँटिबॉडीची, म्हणजे शरीरानं व्हायरसविरुद्ध बनवलेल्या प्रथिनांची, टेस्ट जन्मभर पॉझिटिव्हच येत राहणार. त्यामुळे आरएनए नसल्याचा शेवटचा रिपोर्ट जपून ठेवा, नाहीतर उद्या मोतीबिंदूच्या वेळी परत हीच धावपळ होईल. आणि फायब्रोस्कॅनमध्ये सिरॉसिस निघाला तर व्हायरस गेल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवायची, कारण लिव्हरच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, पण संपत नाही. हर्निया फार त्रास देत नसेल तर ऑपरेशनची तारीख फायब्रोस्कॅनचा रिपोर्ट हातात आल्यावरच ठरवा, आणि सर्जनना लिव्हरच्या डॉक्टरांशी आधी एकदा बोलायला सांगा.